आई, वर्गातले वाद मी बंद करणार नाही

डी मॉइन, आयोवा
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईचा आवाज आधी चढला, मग रडवेला झाला आणि बोलणं तिथंच राहिलं. असलं काही फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

आई, तुझं म्हणणं मला कळलं. चार्ली कर्क या कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजव्या विचारांच्या, कार्यकर्त्याला युटातल्या एका विद्यापीठाच्या आवारात, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता गोळी घातली. मग तू कशाला वर्गात राजकारण काढतेस, नेमलेलं शिकव, पगार घे आणि गप घरी ये, असं तू म्हणालीस. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. १० सप्टेंबरला ती बातमी आली तेव्हा मी कॉलेजातच होते. ३१ वर्षांचा माणूस, दोन लहान लेकरांचा बाप. त्याची बहुतेक मतं मला पटायची नाहीत, काही तर जिव्हारी लागायची. पण तो समोरच्या पोरांच्या हातात माईक देऊन ‘माझं चुकतंय हे दाखवून द्या’ म्हणत बसला होता आणि त्याचा जीव घेतला गेला. त्याआधी जूनमध्ये आमच्या शेजारच्या मिनेसोटा राज्यात मेलिसा हॉर्टमन या डेमोक्रॅटिक पक्षाच्या आमदार आणि त्यांचे पती, दोघांना राहत्या घरी मारलं. गेलेली माणसं दोन्हीकडची आहेत. वर कर्कच्या मृत्यूबद्दल सोशल मीडियावर काहीबाही लिहिलं म्हणून कितीतरी राज्यांत शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. भीती मलाही वाटते. ती लपवून तुम्हाला धीर देण्यात अर्थ नाही.

तरी वर्गातले वाद मी बंद करणार नाही. का, ते तुम्हाला पटावं असं मला मनापासून वाटतं.

माझा वर्ग कसा असतो ते तुम्ही पाहिलेलं नाही. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, कमी फीचं, घरून येऊन-जाऊन शिकायचं कॉलेज. भाषणकलेचा विषय आमच्याकडे जवळपास सगळ्यांना घ्यावा लागतो, त्यामुळे एकाच खोलीत मक्याच्या शेतावरून आलेला मुलगा असतो, मांसप्रक्रिया कारखान्यात राबणाऱ्या मेक्सिकन आईबापांची मुलगी असते, सैन्यातून परतलेला असतो, दिवसा वायरमनचं काम शिकून संध्याकाळी येणारा असतो. बहुतेक जण अठरा-वीस वर्षांचे. घरी एका पक्षाचं बोललं जातं, मोबाइलवर तेच दिसतं, आणि दुसऱ्या पक्षाचं माणूस त्यांना समोरासमोर भेटतं ते कित्येकदा माझ्याच वर्गात.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे आपल्याकडचे डावे-उजवे का? थोडेफार. आरोग्य, मजुरी, पर्यावरण यांत वॉशिंग्टनच्या सरकारनं हात घालावा, वंश किंवा लिंग यांवरून होणारा भेदभाव कायद्यानं रोखावा, स्थलांतरितांना आणि समलिंगी जोडप्यांना हक्क असावेत, बंदुकांवर बंधनं असावीत, गर्भपाताचा निर्णय बाईचा असावा, ही एक बाजू. कर कमी, सरकार लहान, राज्यांना जास्त अधिकार, चर्च आणि कुटुंब यांना मान, सीमेवर कडक पहारा, बंदूक बाळगायचा हक्क अबाधित आणि गर्भपाताला बंदी, ही दुसरी. आता बघा, करांचा गर्भपाताशी काय संबंध? बंदुकीचा हवामानाशी काय? पण शनिवारच्या बाजारात भाजीचा वाटा उचलला की त्यातलं किडकं वांगंही आपलंच होतं, तशी ही मतं इथल्या पोरांच्या पदरात एकदम पडतात. मग प्रत्येक जण सगळ्या वाट्याची राखण करत बसतो, ज्यावर त्यानं कधी घटकाभरही विचार केलेला नाही त्याचीसुद्धा.

हे गठ्ठे बांधायला तरुणांचेही हात लागले आहेत. सप्टेंबर १९६० मध्ये कनेटिकट राज्यातल्या शॅरन गावी विल्यम बकली या कॉन्झर्व्हेटिव्ह लेखकाच्या घरच्या आवारात कॉन्झर्व्हेटिव्ह विद्यार्थी जमले आणि त्यांनी आपला जाहीरनामा काढला: मर्यादित सरकार, मुक्त बाजार, राज्यघटना, कम्युनिझमशी झुंज. दोनच वर्षांनी, जून १९६२ मध्ये, मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरनला डाव्या विद्यार्थ्यांनी त्यांचा काढला. त्याचा मुख्य मसुदा टॉम हेडनचा, तो तेव्हा २२ वर्षांचा होता. वर्णभेद, अणुबॉम्ब, आणि सामान्य माणसाच्या आयुष्याचे निर्णय त्याला न विचारता घेतले जाणं, हे त्यांचे विषय. दोन्ही कागद मी वर्गात शेजारी शेजारी वाचून घेते. कोणता कुणाचा हे मुलं लगेच ओळखतात. पण सत्ता माणसापासून फार लांब गेली आहे, ही तक्रार दोन्हीकडे निघाली की खोलीत जरा चुळबुळ होते. शॅरनवाल्यांना त्यावर कमी सरकार हवं होतं, पोर्ट ह्युरनवाल्यांना निर्णयात लोकांचा जास्त हात. हा फरक खरा आहे, मोठाही आहे, पण त्यावर बोलता येतं.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आयोवात पिकणाऱ्या मक्यातला निम्म्याहून अधिक मका इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. त्या कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड नळातून नॉर्थ डकोटाला नेऊन जमिनीखाली खोल गाडायचा, अशी एका कंपनीची योजना आहे. गाडलेल्या वायूवर केंद्र सरकार टनामागे ८५ डॉलरपर्यंत करसवलत देतं. नळ शेकडो शेतांतून जाणार. जे शेतकरी राजीखुशीनं वाट देणार नाहीत त्यांच्याकडून ती सक्तीनं घ्यायला राज्याच्या मंडळानं २०२४ मध्ये मंजुरी दिली. या वर्षी विधिमंडळानं त्या सक्तीला आळा घालणारं विधेयक मंजूर केलं, तर राज्यपाल किम रेनॉल्ड्स यांनी जूनमध्ये ते नाकारलं. राज्यपाल रिपब्लिकन, विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचं, आणि भांडण त्यांच्यातच.

हा विषय मी वर्गात ठेवला. कोण कुठल्या बाजूला जाईल याचा माझा एक अंदाज होता. पण शेतावरचा तो मुलगा, बाहीवर झेंडा शिवलेलं जॅकेट घालणारा, पक्का कॉन्झर्व्हेटिव्ह, नळाच्या विरोधात उभा राहिला. त्यानं आजोबांच्या शेताचा नकाशा आणला होता, घड्या पडून कडा फाटलेला. त्यावर पेन्सिलीनं बारीक समांतर रेघा. डी मॉइन शहरातल्या एका मुलीनं विचारलं, या रेघा कसल्या? ही मुलगी हवामानबदलाच्या मोर्चांना जाते, मांस खात नाही आणि या मुलाशी तोवर एक शब्द बोललेली नव्हती. त्यानं सांगितलं, हे टाइल. इथली जमीन मुळात दलदलीची, म्हणून शंभर वर्षांपूर्वीपासून शेताखाली निचऱ्याचे नळ पुरतात, आधी भाजलेल्या मातीचे, आता छिद्रं पाडलेल्या प्लास्टिकचे. वरून काही दिसत नाही. कंपनीच्या चराचं मशीन आडवं गेलं की हे नळ तुटतात, पाणी तुंबतं, आणि त्या पट्ट्यात मका पिवळा पडतो. पेन्सिलीच्या रेघा आजोबांनी स्वतः मारल्या होत्या, कारण कुठला नळ कुठे आहे हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ती मुलगी नकाशावर वाकून बराच वेळ एकेक रेघ बघत राहिली.

तीही नळाच्या विरोधातच होती, पण तिचं कारण निराळं. तिच्या मते ही सवलत म्हणजे इथेनॉलच्या धंद्याला आणखी काही वर्षं जगवायचा उपाय आहे, हवामान वाचवायचा नाही. त्यावर मुलगा उसळला, कारण त्याच्या घरचा मका त्याच कारखान्यात जातो. आणि योजनेच्या बाजूनं कोण उभं राहिलं? एक मुलगा, ज्याचे वडील इथेनॉल कारखान्यात पाळीवर काम करतात, तो रिपब्लिकन. आणि त्याच्याशेजारी एक डेमोक्रॅट मुलगी, जिला हवेतला कार्बन कसाही कमी झाला तर हवाच आहे. तासाच्या सुरुवातीला मी हात वर करायला सांगितले असते तर खोलीचे दोन तुकडे झाले असते. विषय हातात घेतल्यावर चार झाले, आणि एकेका तुकड्यात दोन्ही पक्षांची माणसं होती.

सक्तीच्या भूसंपादनावर इथं २००५ चा एक गाजलेला निकाल आहे. न्यू लंडन गावातल्या सुझेट कीलो नावाच्या बाईंचं घर शहरानं खासगी विकासासाठी घेतलं आणि सुप्रीम कोर्टानं ते पाच विरुद्ध चार मतांनी योग्य ठरवलं. शहराच्या बाजूनं कोर्टातले सगळे लिबरल न्यायाधीश होते. त्या मोर्चेवाल्या मुलीनं निकाल स्वतः शोधून वाचला आणि पुढच्या तासाला ‘आमची माणसं इथं चुकली’ असं उभं राहून सांगितलं. कुणी तिला तसं म्हणायला लावलं नव्हतं. बाबा, वादविवाद स्पर्धेच्या तयारीत तुम्ही मला आधी पूर्वपक्ष मांडायला लावायचात, आणि समोरचा ‘हो, हेच माझं म्हणणं’ म्हणेपर्यंत उत्तर देऊ द्यायचा नाहीत. माझ्या वर्गात तोच नियम आहे. तो बार्शीहून आला आहे, हे मी मुलांना सांगितलं आहे.

सगळेच प्रश्न असे सुटे होतात असं नाही. गर्भपाताचा होत नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा निकाल फिरवला आणि प्रश्न राज्यांकडे गेला. आयोवात जुलै २०२४ पासून साधारण सहा आठवड्यांनंतर, काही अपवाद सोडले तर, गर्भपाताला बंदी आहे. अठराएकोणीस वर्षांच्या मुलींच्या अंगावर येणारा हा कायदा. माझ्या वर्गातल्या दोघी त्यावर बोलल्या तेव्हा एकीच्या लेखी प्रश्न एका जिवाचा होता आणि दुसरीच्या लेखी स्वतःच्या देहाचा. दोघीही मागे हटल्या नाहीत. मधला रस्ता निघाला नाही आणि मी तो काढायला बसलेही नाही. मला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे, मी दुसरीच्या बाजूची आहे. पण जी पहिली, कॅथलिक घरातली, तीच फाशीच्या शिक्षेच्याही विरोधात आहे, आणि स्थलांतरितांना धरपकड करून पाठवण्याच्याही. पोस्टव्हिल नावाच्या इथल्या छोट्या गावात मे २००८ मध्ये मांसाच्या कारखान्यावर धाड पडली, एका दिवसात ३८९ कामगार पकडले, तेव्हा त्यांच्या बायकामुलांनी आसरा घेतला तो गावातल्या कॅथलिक चर्चमध्ये. ही मुलगी तो प्रसंग ऐकत वाढली आहे. तिला कुठल्या गठ्ठ्यात घालणार?

शैक्षणिक कर्जाचा वाद मात्र लवकर आटपला. बायडन सरकारची कर्जमाफी कोर्टानं २०२३ मध्ये रद्द केली, ती योग्य का अयोग्य, असा विषय होता. वायरमनचं काम शिकणारा मुलगा एवढंच म्हणाला, की मी कर्ज नको म्हणून चार वर्षांचं कॉलेज सोडलं, आता माझ्या करातून त्यांचं का फेडायचं? त्याला नीट उत्तर कुणाकडेच नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मला खरा राग येतो तो मोबाइलवरच्या वादांचा. तिथं दोन तासांच्या चर्चेतलं अर्धं मिनिट कापून घेतात आणि ‘अमक्यानं तमकीची कशी जिरवली’ म्हणून फिरवतात. ज्या मुलाला किंवा मुलीला त्या क्षणी बोलता आलं नाही, ती जन्मभर तेवढीच अडखळताना दिसत राहते. दोन्ही बाजू हे करतात. लिबरल मुलं एखाद्याला बोलण्याआधीच लाज आणून गप्प करतात, कॉन्झर्व्हेटिव्ह मुलं त्याचं भांडवल करून आपण छळलेले असल्याचं सांगत सुटतात. मग तरुण मुलगे एका दिशेला आणि मुली दुसऱ्या दिशेला सरकल्या याचं नवल वाटत नाही. २००८ मध्ये तिशीच्या आतले जवळजवळ दोनतृतीयांश मतदार ओबामांकडे होते, २०२४ मध्ये तरुण पुरुषांतले कितीतरी ट्रम्पकडे गेले. ते मूर्ख आहेत असं मी मानत नाही. त्यांचं ऐकून घेणारं माणूस त्यांना दुसऱ्या बाजूला फारसं भेटलं नाही, असं मला दिसतं. म्हणून माझ्या वर्गात फोन बॅगेत असतात. बोललेलं रेकॉर्ड होत नाही आणि कुणाचंही वाक्य कापून बाहेर जात नाही. आई, तुझ्या काळजीवर माझ्याकडे एवढीच व्यवस्था आहे, पण ती मी काटेकोर पाळते.

आणखी एक गोष्ट याच गावची. १९६५ च्या डिसेंबरात डी मॉइनमधली काही शाळकरी मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. त्यांतली मेरी बेथ टिंकर १३ वर्षांची होती. शाळेनं त्यांना काढून घरी पाठवलं. त्यांच्या घरावर लाल रंग फेकला गेला, धमक्या आल्या. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी मुलं जिंकली: शाळेच्या फाटकातून आत येताना विद्यार्थ्याचा बोलण्याचा हक्क बाहेर राहत नाही. आज त्या निकालाचा आधार दोन्ही बाजूंची मुलं घेतात, गर्भपातविरोधी शर्ट घालणारीही आणि इंद्रधनुष्याचा बिल्ला लावणारीही. आई, तिच्या आईलाही तुझ्यासारखीच झोप लागली नसणार. पण त्या बाई मुलीच्या मागे उभ्या राहिल्या. तू माझ्या मागे उभी राहशील ना?

याच देशात युद्धावर पाठवायला अठरा वर्षांचा मुलगा चालायचा आणि मत द्यायला एकवीस पूर्ण लागायची. ते वय १९७१ मध्ये खाली आलं. आपल्याकडं ते व्हायला १९८९ उजाडलं. बाबा, तुम्ही पहिलं मत दिलंत ते १९७७ ला, आणीबाणी सैल झाल्यावर, एकवीस पूर्ण झाल्या झाल्या. त्या निवडणुकीत संघाची मंडळी आणि समाजवादी एकाच चिन्हाखाली होती, आणि तुमच्या खोलीत रात्र रात्र वाद चालायचे असं तुम्हीच सांगता. तुमचा तो मित्र, ज्याच्याशी तुमचं एकाही प्रश्नावर जमलं नाही, तो माझ्या लग्नात पंगतीला वाढत होता. मी या मुलांसाठी यापेक्षा वेगळं काय मागते आहे?

आता एक काम आहे. नळाच्या चर्चेत त्या शेतावरच्या मुलानं मला विचारलं, तुमच्या देशात सरकार जमीन कशी घेतं? मी आईच्या माहेरचं सांगितलं, करमाळ्याकडची जमीन उजनीच्या पाण्याखाली गेली ते. १८९४ चा इंग्रजांचा कायदा आणि तो बदलून २०१३ मध्ये आलेला नवा, हेही सांगितलं. मग शहरातल्या मुलीनं विचारलं, नोटीस कधी आली, पैसे किती मिळाले, पर्यायी जमीन कुठे दिली? मला सांगता आलं नाही. बाबा, एकदा करमाळ्याला जाऊन मामाला विचारा. त्याच्याकडे जुन्या नोटिशीची किंवा निवाड्याची प्रत ट्रंकेत असेल, तर सरळ उजेडात धरून फोटो काढून पाठवा. एकराला काय भाव लावला होता, विहीर आणि झाडं धरली होती का, आणि पहिला हप्ता हातात पडायला किती वर्षं गेली, एवढं तरी नक्की विचारा. दोघं मिळून त्यावर शेवटचं भाषण तयार करत आहेत, तो एका बाजूनं आणि ती दुसऱ्या, आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी त्यांना ते हवं आहे.

आईनं गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवावं, इथून येणाऱ्या कुणाबरोबर पाठवते. दोघांनी फिरायला जाणं सोडू नका.

तुमची
मनू